शिर्डी विमानतळावर गाडी घ्या, नाशिकचा वाइनपट्टा बघा. पण गाडी कुठली आणि चालवणार कोण? समजून घ्या

"दादा, रात्री झोप झाली का?"

मागच्या हिवाळ्यात शिर्डी विमानतळावरून आम्ही चौघे मित्र नाशिककडे निघालो, तेव्हा हा प्रश्न विचारायला आम्हाला तासभर उशीर झाला. वावी मागे पडलं होतं. ड्रायव्हरदादांनी तिसऱ्यांदा काच खाली करून तोंडावर वारा घेतला, तेव्हा आमच्या लक्षात आलं. रात्री त्यांची शनिशिंगणापूरची फेरी झाली होती. पहाटे काकड आरतीहून आलेल्या कुटुंबाला त्यांनी साईनगर स्टेशनवर सोडलं होतं आणि तिथून थेट ते आम्हाला घ्यायला आले होते. "गाडीतच तासभर डोळा लागला होता," असं ते म्हणाले. सिन्नरला ढाब्यावर गाडी लावली, त्यांना दीड तास झोपू दिलं. पहिल्या वायनरीची ठरलेली वेळ हुकली.

गाडी ठरवताना आम्ही मॉडेल, एसी, किलोमीटरचा दर सगळं विचारलं होतं. एवढं एकच राहिलं होतं.

शिर्डीला दर्शनासाठी विमानानं यायचं आणि जोडून एक दिवस नाशिकच्या द्राक्षबागा, वायनरी बघायच्या, असा बेत अनेक जण आखतात. फ्रान्समध्ये पर्यटक बोर्दोच्या विमानतळावर गाडीची किल्ली घेतात आणि द्राक्षमळ्यांत फिरतात, तसंच काहीसं. पण आपल्याकडचे रस्ते, कायदा आणि भाड्याच्या गाडीची पद्धत वेगळी आहे. त्यामुळे निघण्याआधी काही गोष्टी माहीत हव्यात.

शिर्डी विमानतळच का?

शिर्डी विमानतळ कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात आहे. शिर्डीपासून अंतर साधारण १४-१५ किलोमीटर. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी तो चालवते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करूया. फक्त वायनरी बघायच्या असतील तर शिर्डीला उतरायची गरज नाही. नाशिकचा स्वतःचा विमानतळ ओझरला आहे आणि तो दिंडोरी, गंगापूर या भागांना खूप जवळ पडतो. शिर्डीचा पर्याय त्यांच्यासाठी, ज्यांना दर्शन घ्यायचंच आहे आणि हाताशी एक दिवस जास्तीचा आहे.

वाइनपट्टा नेमका कुठे आहे?

नाशिकच्या वायनरी एका जागी नाहीत. शिर्डीहून निघताना तीन दिशा लक्षात ठेवा. एका दिवसात तिन्ही करायला जाऊ नका.

पहिली दिशा इगतपुरीची. समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा ८० किलोमीटरचा टप्पा २६ मे २०२३ रोजी खुला झाला. त्यामुळे इगतपुरी तालुका शिर्डीच्या आवाक्यात आला. सांजेगावची ग्रोव्हर झाम्पा आणि कावनईजवळची व्हॅलोने या वायनरी याच तालुक्यात आहेत. धरणं, डोंगर आणि पावसाळ्यानंतरची हिरवाई हे या बाजूचं वैशिष्ट्य.

दुसरी दिशा गंगापूर-दिंडोरीची. शिर्डीहून सिन्नर साधारण ६० किलोमीटर, तिथून नाशिक ३० किलोमीटर. शहर ओलांडून गंगापूर धरणाच्या बाजूला गेलं की सुला, यॉर्क आणि गंगाव्हरेची सोमा या वायनरी आहेत. नाव ऐकून लोक जातात ती हीच बाजू. शनिवारी-रविवारी इथे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची गर्दी असते.

तिसरी दिशा विंचूरची. शिर्डी, कोपरगाव, येवला, विंचूर असा हा रस्ता. निफाड तालुक्यातल्या विंचूरला औद्योगिक विकास महामंडळानं वाइन पार्क उभारलं. अंतर तिन्हींत कमी, साधारण ६० किलोमीटर. वाटेत येवल्याला पैठणीचे माग बघता येतात, त्यामुळे घरात वाइन न घेणारी मंडळी असतील तर त्यांचाही दिवस फुकट जात नाही.

प्रत्येक वायनरी पाहुण्यांसाठी खुली असतेच असं नाही. काही ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागते. निघण्यापूर्वी फोन करा.

नाशिकला वाइन आली कुठून?

नाशिकची द्राक्षं जुनीच, पण ती खायची. वाइनसाठी वेगळ्या जातीची द्राक्षं लागतात. त्यांचे मणी लहान, साल जाड आणि बिया असलेले. महाराष्ट्रात आधुनिक वाइनचा पाया १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला घातला गेला. शामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीनं तिथे फ्रेंच तंत्र वापरून फेसाळती वाइन बनवली.

नाशिकचं नाव झालं ते नंतर. स्टॅनफर्डमध्ये इंजिनिअरिंग शिकलेले राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून परतले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी गंगापूरजवळ वाइनची द्राक्षं लावली आणि २००० मध्ये सुलाची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि वायनरींची संख्या वाढली. पुढे 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं.

फ्रान्सशी थेट नातं सांगायचं तर दिंडोरीचं नाव घ्यावं लागतं. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातलं मोएट अँड शाँदोन हे प्रसिद्ध घराणं ज्या समूहाचं आहे, त्याच समूहाच्या शाँदोन इंडियाची वायनरी दिंडोरीत आहे. मात्र इथल्या फेसाळत्या वाइनला 'शॅम्पेन' म्हणत नाहीत. ते नाव फक्त त्या प्रांतातल्या वाइनसाठी राखीव आहे. जसं येवल्याची पैठणी म्हणजे येवल्याचीच.

जायचं कधी?

फ्रान्समध्ये द्राक्षांची तोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. नाशिकमध्ये चक्र उलटं आहे. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि पावसाळा संपताना फळ छाटणी. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. वेलीवर घड आणि आत यंत्रांवर द्राक्षं, दोन्ही बघायचं असेल तर हेच तीन महिने. ऑगस्टमध्ये गेलात तर निसर्ग सुंदर दिसेल, पण वेलीला द्राक्षं नसतील.

२०२६-२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा आहे. पर्वणीच्या काळात नाशिकच्या रस्त्यांवर वाहतुकीचे बदल असतात. त्या दिवसांच्या आसपास हा बेत ठेवू नका.

गाडीची नंबर प्लेट काय सांगते?

भाड्याची गाडी समोर आली की आधी नंबर प्लेटचा रंग बघा.

पिवळी प्लेट, काळी अक्षरं: प्रवासी परवाना असलेली टॅक्सी. ड्रायव्हरसह मिळते.

काळी प्लेट, पिवळी अक्षरं: स्वतः चालवण्यासाठी भाड्यानं देण्याचा परवाना असलेली गाडी, म्हणजे सेल्फ-ड्राइव्ह.

हिरवी प्लेट: इलेक्ट्रिक गाडी. अक्षरं पिवळी असतील तर व्यावसायिक, पांढरी असतील तर खासगी.

पांढरी प्लेट, काळी अक्षरं: खासगी गाडी. ती भाड्यानं देता येत नाही.

अडचण या शेवटच्या प्रकारात होते. "घरचीच गाडी आहे, दोनशे रुपये कमी द्या," असं सांगून पांढऱ्या प्लेटची गाडी दिली जाते. परवान्याशिवाय गाडी भाड्यानं चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद आणि १० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ती कारवाई मालकावर आणि चालकावर. तुमचं नुकसान वेगळं. खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापरासाठी नसतो. अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढे करते आणि भरपाईसाठी प्रवाशाला वर्षानुवर्षं झगडावं लागू शकतं. वाचलेल्या दोनशे रुपयांची ही किंमत आहे.

स्वतः चालवावी की ड्रायव्हरसह घ्यावी?

वायनरीत जाऊन चव घ्यायची असेल तर उत्तर सरळ आहे: ड्रायव्हरसह. का, ते आकड्यांत बघू.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गाडी चालवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फ्रान्समध्ये हीच मर्यादा ५० मिलिग्रॅम आहे, नवख्या चालकांसाठी २०.

आता हिशेब. वायनरीतल्या एका 'टेस्टिंग'मध्ये पाच प्रकार, प्रत्येकी ३० मिली दिले असं धरू. एकूण १५० मिली. वाइनमध्ये १२ टक्के अल्कोहोल धरलं तर ते १८ मिली, म्हणजे वजनानं साधारण १४ ग्रॅम. रक्तातलं प्रमाण काढण्याच्या प्रचलित सूत्रानुसार ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात हे प्रमाण ३० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. ५५ किलोच्या स्त्रीच्या रक्तात ४५ च्या आसपास.

म्हणजे एका वायनरीतले पाच घोट माणसाला कायद्याच्या रेषेवर नेऊ शकतात आणि आपल्या बेतात वायनरी दोन-तीन असतात. हा अंदाज आहे. पोट रिकामं आहे का, किती वेळ गेला, यावर आकडा बदलतो. पण "एवढ्याशानं काय होतंय" हे म्हणणं इथे टिकत नाही. फ्रान्समध्ये कदाचित चाललं असतं ते प्रमाण नाशिकमध्ये गुन्हा ठरतं. दारूच्या अमलाखाली गाडी चालवताना झालेलं गाडीचं नुकसान विम्यात धरलं जात नाही. सेल्फ-ड्राइव्हच्या करारातही हे कलम असतं.

ग्रुपमध्ये कुणी अजिबात न पिणारं असेल तर सेल्फ-ड्राइव्ह चालेल. पण "मी फक्त वास घेईन" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. वाइन जाणकार घोट तोंडात फिरवून थुंकतात, त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. आपल्याकडे चारचौघांत तसं करायला लोक लाजतात आणि घोट गिळला जातो.

परदेशातून आलेल्या नातेवाइकांकडे तिथलं लायसन्स असेल तर सोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आहे का ते विचारा. उलट तुम्ही फ्रान्सला जाऊन गाडी चालवणार असाल, तर हाच परवाना आपल्या आरटीओकडून काढून न्या. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते, हेही विसरू नका.

ड्रायव्हर घेतला म्हणजे प्रश्न सुटला?

नाही. इथेच आम्ही चुकलो होतो.

शिर्डीतल्या टॅक्सीचं काम मंदिराच्या वेळापत्रकावर चालतं. रात्री शेजारती, पहाटे काकड आरती, मध्ये शिंगणापूर किंवा त्र्यंबकेश्वरची फेरी. गर्दीच्या दिवसांत एकच माणूस रात्रंदिवस गाडीवर असतो. व्यावसायिक चालकासाठी दिवसाला ८ तास कामाची मर्यादा कायद्यात आहे. पण स्वतःची एकच गाडी असलेला माणूस हप्ता फेडायचा म्हणून आलेली फेरी सोडत नाही. त्याला दोष देऊन भागत नाही. अकरा तासांच्या दिवसाला 'पॅकेज' म्हणणारे आपणच असतो.

समृद्धीवर याचा धोका वाढतो. रस्ता सरळ, वेग जास्त, वळणं आणि सिग्नल नाहीत. डोळा लागायला वेळ लागत नाही आणि १२० च्या वेगात गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळला आणि १२ जणांचा जीव गेला. दर्शन करून नाशिकला परतणारी ती माणसं होती. रात्रीचा परतीचा प्रवास टाळता आला तर टाळाच.

उपाय अवघड नाहीत. वाइनचा दिवस दर्शनाच्या रात्रीला जोडू नका, मध्ये एक झोप घ्या. तुम्हीही आणि ड्रायव्हरनंही. सकाळी आठला निघून संध्याकाळी सातच्या आत शिर्डीत परत, एवढाच बेत ठेवा. तुम्ही वायनरीत दोन तास आत असाल तेव्हा दादांना सावलीत गाडी लावून आडवं होऊ द्या, "जरा बघून या, किती वेळ लागेल" म्हणून उठवू नका. त्यांच्या जेवणाची वेळ तुमच्या बेतात धरा. मुक्काम नाशिकला असेल तर त्यांच्या राहण्याची सोय कुठे आहे ते आधी विचारा. गाडीच्या सीटवर काढलेली रात्र ही विश्रांती नव्हे.

बिलात काय काय येतं?

बाहेरगावच्या फेरीसाठी बरेच टॅक्सीवाले रोज २५० किंवा ३०० किलोमीटरचं किमान भाडं धरतात. शिर्डी, इगतपुरी, गंगापूर आणि परत शिर्डी ही फेरी साधारण तेवढीच होते. त्यामुळे किलोमीटर वाचवून पैसे वाचत नाहीत. विंचूरची फेरी मात्र निम्म्याहून कमी आहे. तिथे किमान भाड्याऐवजी अर्ध्या दिवसाचा दर ठरवून घ्या.

दराव्यतिरिक्त ड्रायव्हर भत्ता, टोल, पार्किंग आणि रात्रीचा आकार लागतो. समृद्धीवर एप्रिल २०२५ पासून कारला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे टोल आहे. म्हणजे शिर्डी ते भरवीर साधारण १६५ रुपये. गाडी विमानतळावरून सुरू होणार असेल तर किलोमीटर कुठून मोजणार, काकडीहून की शिर्डीतल्या स्टँडवरून, हे आधीच ठरवा. बहुतेक वाद याच ठिकाणी होतात.

सेल्फ-ड्राइव्ह घेत असाल तर किल्ली हातात घेण्यापूर्वी गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. इंधनाचा काटा, किलोमीटरचा आकडा आणि टायर त्यात दिसू द्या. अनामत रक्कम किती, कधी परत मिळणार आणि ओरखडा पडला तर तुमच्यावर किती रकमेपर्यंत जबाबदारी येईल, हे लेखी घ्या.

आणखी कोणते नियम लक्षात ठेवायचे?

महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ आहे. वयाचा पुरावा सोबत ठेवा. मद्यसेवनासाठी परवान्याची तरतूदही आहे, तो एका दिवसासाठीही मिळतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या काळात 'ड्राय डे' असतो. सुट्टी जोडून बेत आखणारे नेमके इथेच फसतात.

चालत्या गाडीत बाटली उघडू नका. विकत घेतलेल्या बाटल्या बिलासह डिकीत ठेवा. विमानानं परतताना त्या चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. किती नेता येतील ते विमान कंपनीकडे विचारा. गुजरात किंवा बिहारमध्ये उतरणार असाल तर बाटली घेऊच नका, तिथे दारूबंदी आहे.

आणि थोडं भानही हवं. वाइन हा अहिल्यानगर जिल्ह्यात नाजूक विषय आहे. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला होता. शिर्डीत लोक श्रद्धेनं येतात. आधी दर्शन, मग वाइन असा क्रम ठेवला तर कुणाला काही वाटण्याचं कारण राहत नाही.

गाडीत बसण्यापूर्वी पाच प्रश्न

१. प्लेट पिवळी किंवा काळी आहे ना? पांढरी असेल तर नको म्हणा.

२. दरात काय धरलं आहे? किमान किलोमीटर, भत्ता, टोल, पार्किंग. मोबाइलवर मेसेज करून घ्या.

३. वायनरीची वेळ घेतली आहे का? आज ड्राय डे तर नाही ना?

४. परत किती वाजता? अंधार पडण्याआधी समृद्धीवरून उतरता येईल का?

५. दादा, रात्री झोप झाली का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर दुसरी गाडी बघा, किंवा दोन तास थांबा. आम्ही त्या दिवशी थांबलो. एक वायनरी कमी झाली. दादा उठले, चहा घेतला, म्हणाले, "आता बिनधास्त बसा." परतीच्या वाटेवर त्यांनी एकदाही काच खाली केली नाही.